बेलबॉटमचा घेर टेरिकॉटने धरला होता

लग्नाच्या जुन्या अल्बममधला १९७५च्या आसपासचा एखादा फोटो काढून बघा. नवऱ्या मुलाच्या मित्रांपैकी एक तरी असा सापडतोच: पँटचा बॉटम बुटांवरून जमिनीपर्यंत पसरलेला, कॉलरची टोकं छातीवर उतरलेली, कमरेला चार बोटं रुंद पट्टा आणि अर्धा चेहरा झाकणारा गॉगल. आज नातवंडं हसतात. ‘असं का घालायचे?’ या प्रश्नाला ‘सिनेमात बघून’ असं उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो.

ते उत्तर अर्धंच आहे. सिनेमाने हौस दिली, पण तो आकार अंगावर टिकवला कापडाने. त्याच मापाची बेलबॉटम साध्या सुती कापडाची शिवली, तर दुपारपर्यंत गुडघ्याला फुगे येतात आणि खालचा घेर ओल्या पोत्यासारखा लोंबतो. सत्तरच्या दशकातली फॅशन समजून घ्यायची तर आधी टेरिकॉट समजून घ्यावं लागतं. ट्रंकेत त्या काळचे कपडे असतील, तर ते धुताना, इस्त्री करताना आणि उसवताना हीच माहिती उपयोगी पडते.

टेरिकॉट म्हणजे नेमकं काय

पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधले जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन हे त्याचे जनक. ब्रिटनमध्ये तो ‘टेरिलीन’ नावाने विकला गेला, अमेरिकेत ‘डेक्रॉन’ नावाने. आपल्याकडे ठाण्याच्या केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीने हा तंतू ‘टेरीन’ म्हणून बाजारात आणला. टेरीनमध्ये कॉटन मिसळलं की टेरिकॉट आणि लोकर मिसळली की टेरिवूल. लोकांनी पुढे कोणत्याही गिरणीच्या असल्या कापडाला ही नावं सरसकट लावून टाकली.

शर्टाच्या टेरिकॉटचं नेहमीचं प्रमाण ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कॉटन. ते तसं ठरण्यामागे साधा हिशोब आहे. पॉलिएस्टर निम्म्याच्या खाली गेलं की चुण्या पडायला लागतात. ते फार वाढवलं की कापड घाम टिपत नाही. पॉलिएस्टर किती कमी पाणी धरतं हे आकड्यांत पाहिलं की चटकन लक्षात येतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना १०० ग्रॅम कोरडं कॉटन साधारण ७ ते ८ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये टेरिलीनचा शर्ट घालणाऱ्याच्या पाठीवर काय होत असेल, ते यातच आलं.

आता मुख्य गोष्ट. पॉलिएस्टरचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. नेहमीच्या तापमानाला या साखळ्या जागच्या जागी जखडलेल्या असतात. तापमान ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यांचा सैल भाग हलू लागतो आणि धाग्याला नवा आकार देता येतो. थंड झाला की तो आकार पुन्हा जखडला जातो. गिरणीत हेच मुद्दाम करतात: कापड रुंदीला ताणून धरून सुमारे १८० ते २१० अंशांच्या गरम हवेतून अर्धा ते एक मिनिट नेतात. याला हीट सेटिंग म्हणतात. एकदा असं ‘बसवलेलं’ कापड पुढे चुरगळलं तरी सपाट व्हायला बघतं, कारण सपाटपणा आता त्याच्या अंगातच मुरलेला असतो.

इस्त्रीची घडीही अशीच बसते. सुती पँटची घडी संध्याकाळपर्यंत मोडते. टेरिकॉटच्या पँटला एकदा नीट घडी बसली की धुतल्यावरही ती सुरीच्या धारेसारखी उभी. कोळशाच्या इस्त्रीच्या आणि पाणीटंचाईच्या घरांत ‘रात्री धुवा, सकाळी घाला’ ही केवढी सोय होती! घाम सहन करून लोक हे कापड का घालत, याचं निम्मं कारण ही सोय आणि निम्मं प्रतिष्ठा.

प्रतिष्ठेचं गणित आज उलटं वाटतं. सरकारच्या लेखी तेव्हा कृत्रिम धागा ही चैन होती. उत्पादनाला परवाने लागत आणि आयातीवर, उत्पादनावर जबर कर असे. त्यामुळे टेरिलीन महाग आणि मिरवण्यासारखं. अमेरिकेत पॉलिएस्टर स्वस्त आणि गावंढळ ठरू लागलं होतं, त्याच वर्षांत आपल्याकडे जावयाला टेरिकॉटचा पीस देणं मानाचं होतं.

घेर कसा कापायचे

घंटेच्या आकाराच्या पँटी मूळच्या खलाशांच्या. साठच्या दशकाच्या शेवटी पाश्चात्त्य तरुणांनी त्या उचलल्या आणि तिथून त्या इकडे आल्या. शिंप्याच्या टेबलावर मात्र प्रश्न इंचांचा होता.

सूटिंगचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, दुहेरी असतो, ५४ ते ५८ इंच. कापड मधोमध घडी घालून टेबलावर अंथरलं की २७ ते २९ इंच रुंदी हाताशी येते. त्यात पुढचा आणि मागचा पाय शेजारी शेजारी बसवायचा. बॉटम २६ इंच ठेवला, तर दोन्ही तुकडे मिळून २६ इंच आणि चारही कडांना अर्धा-अर्धा इंच शिलाईचा दाब (शिलाईत आत जाणारं कापड) धरून २८ इंच. म्हणजे ५८चा पन्हा असेल तर जमलं, ५४चा असेल तर २५वरच थांबायचं. ३० इंचांचा बॉटम हवा असेल, तर तुकडे वरखाली सरकवून जास्त कापड लावायचं, नाहीतर जोड द्यायचा. हौशी मुलं ‘अजून मोठा ठेवा’ म्हणून हट्ट धरत आणि मास्तर ‘कापड पुरत नाही’ म्हणत. त्यात मास्तरांचा जुनाटपणा असेलही, पण बहुतेक वेळा पन्ह्याचाच अडसर असायचा.

ज्यांच्याकडे आधीच्या दशकातली चिंचोळ्या पायाची पँट पडून होती, त्यांच्यासाठी कळी होती. गुडघ्यापासून खाली बाहेरची शिलाई उसवायची आणि तिथे त्रिकोणी कळी घालायची. कळी दुसऱ्या रंगाची घातली की ती मुद्दाम केल्यासारखी दिसे. कळीचं टोक गुडघ्याशी नीट बसलं नाही, तर तिथे चोच येते आणि चालताना ती पुढे येऊन डोकावते. ते टाळायचं, तर शेवटचा पाव इंच मशीनवर न घेता हाताने टाकायचा.

खरी परीक्षा खालच्या दुमडीची असे. गुडघ्याला १९ इंच आणि खाली २६ इंच घेर, मधलं अंतर २० इंच धरलं, तर दर इंचाला घेर साधारण एक तृतीयांश इंचाने वाढतो. आता खाली २ इंच कापड सोडून ते वर दुमडलं, तर दुमडीची कड असते २६.७ इंचांची आणि ती जिथे टाकायची तिथे पायाचा घेर असतो २५.३ इंच. १.४ इंच कापड जास्त झालं. ते कुठेतरी जाणार म्हणून चुण्या पडतात. सुती कापडात हा जादा भाग इस्त्रीने थोडाफार मारता येतो. टेरिकॉट मात्र आकसायला तयार नसतं, कारण ते आधीच बसवलेलं असतं. म्हणून जाणता शिंपी एकतर दुमड जेमतेम पाऊण इंच ठेवी, किंवा दुमडीचा भाग कापतानाच उलट उतरता कापी, किंवा आतून वेगळी पट्टी लावी. जुन्या बेलबॉटमच्या आत बोट फिरवून बघा. वेगळी पट्टी लागली, तर शिंपी चांगला होता.

दुसरी खुबी तिरक्या कडेची. बॉटम सरळ कापला, तर तो पुढे पावलावर अडकतो आणि मागे टाच उघडी पडते. म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवायची. पण मग मागची कड रस्त्यावर घासते. तिची झीज थांबवायला काही जण बॉटमच्या आतून धातूच्या झिपची पट्टी शिवून घेत. झिप उघडायची नव्हतीच, नुसती रस्त्याशी भांडायला. सायकलवाल्यांची अडचण वेगळी: उजव्या पायाचा घेर साखळीत जायचा आणि ग्रीसचा काळा डाग पॉलिएस्टरला कायमचा चिकटायचा. पॉलिएस्टरला पाणी नको असतं, पण तेल फार आवडतं. कॉलरचा मळ आणि घामट वासही त्यात याच कारणाने मुरतो.

कॉलरला फोड का यायचे

‘डॉग कॉलर’ म्हणजे कुत्र्याच्या लांब कानासारखी टोकं. आजच्या शर्टाला टोक पावणेतीन-तीन इंचांचं असतं, तेव्हा ते चार-साडेचार इंचांपर्यंत जाई. एवढं लांब टोक नुसत्या कापडावर उभं राहत नाही, म्हणून आत जाड बकरम, म्हणजे कडक अस्तर. सगळी गडबड तिथे होई.

बकरम सुती. न भिजवता लावलं, तर पहिल्या-दुसऱ्या धुण्यात ते सहज ३ टक्के आकसतं. वरचं टेरिकॉट जवळजवळ आकसत नाही. १६ इंचांच्या कॉलरमध्ये ३ टक्के म्हणजे जवळपास अर्धा इंच. आतला अस्तराचा थर आखूड झाला, बाहेरचा तेवढाच राहिला, मग बाहेरच्याला फोड येणारच. कितीही इस्त्री फिरवली तरी ते जात नाहीत, एका जागी दाबले की दुसरीकडे उठतात. इलाज शिवण्याआधीच करायचा: बकरम रात्रभर पाण्यात ठेवायचं, पिळायचं नाही, निथळून वाळवायचं आणि मग कापायचं. शिलाईच्या दोऱ्यालाही हाच नियम. टेरिकॉटवर सुती दोरा वापरला, की धुतल्यावर दोरा आकसतो आणि सगळी शिवण आळी चालल्यासारखी दिसते. पॉलिएस्टरचा दोरा घ्यायचा आणि मशीनचा ताण थोडा सैल ठेवायचा.

शर्टांवरची भडक फुलं आणि गरगरणारी वर्तुळं हीसुद्धा पॉलिएस्टरची देणगी. पॉलिएस्टरला डिस्पर्स जातीचे रंग लागतात. त्यांतले काही सुमारे २०० अंशांना थेट वाफ होऊन कापडात शिरतात. म्हणजे नक्षी आधी कागदावर छापायची आणि तो कागद कापडावर ठेवून अर्धा मिनिट गरम दाबायचा. रंग जिथल्या तिथे, रेषा स्वच्छ. त्याची दुसरी बाजू अशी की फार गरम इस्त्री लागली, तर तोच रंग पुन्हा उडून खालच्या चादरीवर उमटतो.

सफारी

सफारीचं मूळ आफ्रिकेतल्या शिकारी गोऱ्यांच्या खाकी जाकिटात. चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, कमरेला कधी पट्टा. आपल्याकडे त्याला जो मान मिळाला, तो मात्र इथल्या हवेमुळे. कोट-टायमध्ये शर्ट, अस्तर आणि कोट असे तीन थर अंगावर येतात. सफारीत एकच थर, अर्ध्या बाह्या, आत शर्ट नाही, टाय नाही. पँट आणि वरचा भाग एकाच ताग्याचा, म्हणून ‘सूट’चा रुबाब शाबूत. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोजच्या (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याच्या) मिश्र सूटिंगचं सुमारे तीन मीटर कापड दुहेरी पन्ह्यात पुरे. कलेक्टर कचेरीपासून साखर कारखान्याच्या बैठकीपर्यंत सफारी चालली, यात आश्चर्य नाही. त्या दशकातला सगळ्यात डोकेबाज पोशाख कोणता असं विचारलं, तर मत सफारीला. तो चिडवण्याचा विषय झाला, कारण साहेब त्यातून बाहेर पडले आणि त्यांचे अंगरक्षक अजून त्यातच आहेत.

बायकांच्या कपड्यांत नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांनी हेच केलं: हलक्या, पटकन वाळणाऱ्या, खळ-इस्त्री न मागणाऱ्या. पण त्यांचा धोका खरा होता. नायलॉन आणि पॉलिएस्टर पेटताना वितळतात आणि कातडीला चिकटतात. घराघरांत रॉकेलचे स्टोव्ह होते, त्यामुळे स्वयंपाक करताना ही साडी नको, असं मोठ्या बायका बजावत, ते अगदी बरोबर होतं. टेरिकॉटही सुरक्षित नाही. त्यातलं कॉटन दिव्याच्या वातीसारखं काम करतं आणि वितळलेलं पॉलिएस्टर तेलासारखं. जुनी साडी नेसायची हौस असेल, तर गॅसपासून आणि फटाक्यांपासून लांबच. त्याच काळात आलेली मॅक्सी मात्र फॅशन म्हणून गेली आणि घरात घालायची ‘मॅक्सी’ म्हणून महाराष्ट्रात कायमची राहिली.

मग हे सगळं गेलं कुठे

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना चालू झाला. कापड विणण्याचं काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे वाढत गेलं. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरची बंधनं सैल केली. पॉलिएस्टर मुबलक झालं, किमतीने उतरलं आणि कोणाच्याही अंगावर दिसू लागलं. मग पैसेवाल्यांना सुती कापड आठवलं. सुती कापडाला मोठा घेर आणि लांब टोकं पेलत नाहीत. पायही पुन्हा चिंचोळे झाले.

ट्रंकेतून निघालेल्या कपड्यांचं काय करायचं

आधी कापड ओळखा. शिलाईच्या दाबातून दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि काडी लावा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे कॉटन किंवा व्हिस्कोज. केस जळल्याचा वास म्हणजे लोकर किंवा रेशीम. आकसून वितळलं, काळा धूर आला आणि कडक मणी उरला म्हणजे पॉलिएस्टर. राख आणि तिच्यात टोचणारे कडक कण असतील, तर मिश्र. शर्टाच्या दर्शनी भागातला धागा काढू नका.

धुताना पाणी कोमट, ४० अंशांच्या आत. उकळतं पाणी ओतून पिळलं, तर वर सांगितलेली हीट सेटिंगची क्रिया तुम्हीच बादलीत करता. साखळ्या सैल असताना पडलेल्या चुण्या थंड होताना पक्क्या होतात. चुकून गरम पाणी पडलंच, तर ते आपोआप थंड होऊ द्या आणि मगच हात लावा. कॉलरच्या तेलकट पट्ट्यावर भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब अर्धा तास ठेवून मग धुवा. इस्त्री मध्यम, वर ओलसर सुती फडकं, नाहीतर चकाकी येते. ती म्हणजे धाग्याचं टोक वितळून सपाट झालेलं असतं, ते परत होत नाही.

पँट लांब करायला दुमड उसवली की आडवी रेघ दिसते. ही रेघ जाईल की नाही, ते ती कशी पडली यावर आहे. घरच्या इस्त्रीने बसलेली असेल, तर ओल्या फडक्यावरून थोड्या जास्त गरम इस्त्रीने बरीच निघते. गिरणीत किंवा कारखान्यात १८० अंशांच्या वर बसवलेली घडी मोडायला त्याहून जास्त उष्णता लागेल आणि तेवढ्यात कापड खराब होईल. तिथे नाद सोडावा.

बेलबॉटमची सरळ पँट करता येते. २६चा बॉटम १७वर आणायचा म्हणजे ९ इंच काढायचे. पायाला चार कडा असतात, पुढच्या दोन आणि मागच्या दोन. प्रत्येकीतून सव्वादोन इंच. गुडघ्यापासून खाली सरळ रेघ मारून सगळीकडून सारखंच काढायचं. बरेच जण वेळ वाचवायला फक्त बाहेरची शिलाई आत घेतात. मग मधली घडी पायाच्या मधोमध राहत नाही आणि पाय पिळल्यासारखा दिसतो. उलटं, म्हणजे अरुंद पँट रुंद करणं, सहसा फसतं. जुन्या शिलाईची भोकं या कापडावर बुजत नाहीत.

चपला-बुटांची गोष्ट दुःखाची आहे. त्या वेळचे उंच तळ लाकडाचे किंवा बुचाचे असतील, तर टिकलेले दिसतील. पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लास्टिकचा तळ असेल, तर हवेतल्या दमटपणाने तो आतून तुटत जातो आणि न वापरता डब्यात ठेवलेला बूट पहिल्या पावलाला भुगा होतो. कोकण-मुंबईच्या हवेत हे लवकर होतं. तळावर नखाने दाबून बघा. खळगा तसाच राहिला किंवा कण सुटले, तर लग्नाला घालून जाऊ नका. वरचा भाग चांगला असेल, तर चांभाराकडून रबरी तळ लावून घेता येतो.

रेक्झिनच्या पर्सा चिकट होतात, कारण त्यांना मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य पृष्ठभागावर येतं. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, मग सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दोन्ही एकमेकांना चिकटतात. मोठ्या गॉगलला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर त्याची सेल्युलोज ॲसिटेटची फ्रेम विघटू लागली आहे. तो वेगळा, उघड्या हवेत ठेवा, कारण ती आम्लाची वाफ शेजारच्या वस्तूंनाही लागते. डांबरगोळ्या प्लास्टिकच्या बटणांना आणि टिकल्यांना टेकू देऊ नका. डांबरगोळ्या आणि कापूर एका कप्प्यात तर कधीच ठेवू नका, दोन्ही मिळून ओलसर होतात आणि कापडावर डाग पाडतात.

आणि बटण दाबल्यावर लाल आकडे दाखवणारं एखादं डिजिटल घड्याळ त्याच ट्रंकेत सापडलं, तर ते चालू होतं का हे बघण्याआधी मागचं झाकण उघडून जुना सेल काढा. तो गळलेला असेल, तर आतले हिरवट-पांढरे खवले हात न लावता कोरड्या कापसाच्या काडीने खरवडायचे.